मेलोकाकांचा जुना आवाज

रस्त्यात कुणी पाठीमागून कागदी पिशवी फुगवून फोडली, की मेलोकाका आधी हातातलं सामान खाली ठेवत. मग उजवा हात छातीवर, डोळे कपाळात, गुडघे अर्धे वाकलेले आणि चिरक्या आवाजात, "मेलो, मेलो, मेलो!" पिशवी फोडणारा खूश, बघणारे खूश. काका सामान उचलून पुढे चालू लागत. माणूस भिडस्त. लोकांनी ओळखलं नाही म्हणून नट रडतो, ओळखलं म्हणूनही रडायला लागला तर त्याने जावं कुठे, असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं चाललेल्या विनोदी मालिकेतला हा भित्रा शेजारी घराघरांत पोचला होता, आणि काकांचं खरं नाव आता फक्त बँकेला आणि विजेच्या बिलाला ठाऊक होतं.

यंदा मात्र काका खरोखर घाबरले होते. बायकोला घाबरणारे नवरे पैशाला पासरी. काका बायकोसाठी घाबरले होते. काकूंनी शाळेत गणित शिकवण्यात हयात घालवली. पोरांची नापास गणितं पुटपुटत त्या घराचे तीन मजले एका दमात चढायच्या. यंदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबू लागल्या. कठड्याला धरून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत राहायच्या. त्या कुंड्यांत बघण्यासारखं काहीएक नव्हतं, एकीत तर नुसती माती होती. काका एक पायरी खाली उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत, आणि ती पाठ किती वेळा वरखाली होते ते मोजत.

हे सांगावं कुणाला? मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. "अगं, तुझ्या आईला दम लागतो गं!" एवढंच म्हणाले, पण ते निघालं मालिकेतल्या आवाजात. मुलगी हसायला लागली. "बाबा, तुम्ही पण ना! अगदी मेलोकाका झालात." डॉक्टरांच्या दवाखान्यात वेळ मागायला गेले, तर तिथल्या बाईने आधी त्यांच्यासोबत फोटो काढला, मग "हृदयाचं दुखणं का? बाप रे, तुमचंच हृदय ना काका, ते तर रोजच बंद पडतं!" म्हणत पुढच्या महिन्यातली तारीख दिली. आणि काकू? काकू म्हणाल्या, "वय झालं की दम लागतो. त्यात घाबरायचं काय? तुम्हाला सवयच लागलीय."

सवय लागली होती, हे मात्र खरं. ती कशी लागली ते सांगायलाच हवं, कारण हा माणूस मुळात असा नव्हता.

काकांचं उभं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलं. उभं म्हणायचं एवढंच, गेलं ते बसून, ठेंगण्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या पायाशी. टाच तळहातावर घ्यायची, अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "बोटांपुढे जागा आहे ना? चालून बघा. घाई नाही." आवाज इतका खालचा, की गिऱ्हाईक ऐकायला वाकायचं, आणि वाकलेलं गिऱ्हाईक बूट घेतल्याशिवाय जात नसे. संध्याकाळी हौशी नाटकात ते निरोप आणणाऱ्या माणसाचं काम करत. एक दिवस एक दिग्दर्शक बूट घ्यायला आला, त्याने दोन जोड घेतले आणि जाताना विकणाऱ्यालाही घेऊन गेला.

मालिका एका इमारतीतल्या बिऱ्हाडांची. काका तळमजल्यावरचे शेजारी. ज्याच्या घरात आग लागेल तो काकांकडे येणार. काका खुर्ची पुढे सरकवणार, एक हात पँटच्या खिशात घालणार आणि म्हणणार, "आधी बस. मग सांग." ऐकून घेतल्यावर शेवटी एकच वाक्य बोलणार, तेही गिऱ्हाइकाला बूट घालावा तसं बेताने. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे! काय तो खिशातला हात, काय तो रुबाब!

पहिला सीझन संपत आला असताना सेटवर वाढदिवसाचा प्रसंग होता. काकांच्या कानाशी फुगा फुटला. कुणी मुद्दाम फोडला नव्हता, दिव्याच्या उष्णतेने फुटला. काका टुणकन उडाले आणि त्यांच्या तोंडून किंचाळी निघाली, "मेलो!" सगळं युनिट हसून हसून लोळलं. कॅमेरावाल्याचा कॅमेरा हलला. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "ठेवा हे. कापू नका."

आता दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दचकलेला माणूस ओरडतो, घाबरलेल्याची वाचा बसते. पण लेखकांच्या खोलीत असल्या बारकाव्यांना कोण विचारतो? तिथे एकच कायदा: हसले ना? मग पुन्हा. दुसऱ्या सीझनमध्ये प्रत्येक भागात एक "मेलो" आला. तिसऱ्यात काकांना झुरळाची भीती, चौथ्यात लिफ्टची, पाचव्यात दारावरच्या घंटीची. सहाव्यात त्यांना स्वतःच्याच सावलीची भीती वाटू लागली आणि एक "मेलो" पुरेना, तीन झाले. साधा सदरा गेला, गुडघ्यापर्यंतचा स्वेटर आला. मिशी दर सीझनला बोटभर वाढली. खिशातला हात केव्हा छातीवर गेला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सल्ला मागायला येणारी माणसं आता काकांना घाबरवायला येऊ लागली.

एकट्या काकांचं असं झालं असंही नाही. मालिकेतल्या वरच्या मजल्यावरचा काटकसरी भाऊ सुरुवातीला फक्त दिवे मालवायचा. आता तो शेजाऱ्यांच्या दिव्याखाली वर्तमानपत्र वाचतो. त्याची बायको पहिल्या भागात चांगली वकील होती, एकदा हातून कपबशी पडली काय, आणि आता ती बाई प्रत्येक भागात काहीतरी फोडते. काकू विचारायच्या, "अहो, ही कोर्टात जायची ना? तिच्या खटल्याचं काय झालं?" काकू नवे भाग बघत नसत. दुपारी एका लहानशा वाहिनीवर पहिला सीझन पुन्हा दाखवत, तेवढा त्या बघत. "मला हा आवडतो," त्या पडद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणायच्या, नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना. काकांना ते लागायचं, पण हसून सोडून देत.

दवाखान्याची तारीख अजून लांब होती. त्या दुपारी काकू खुर्चीत पाय वर घेऊन मटार सोलत टीव्ही बघत होत्या. काका आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. मधल्या दारातून जुन्या मालिकेचं संगीत येत होतं. मग भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून मटार फरशीवर पसरल्याचा.

काका बाहेर आले. काकू खुर्चीत वाकड्या झाल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, एक मूठ छातीच्या मधोमध दाबलेली. "जबडा दुखतोय," त्या म्हणाल्या, आणि जबडा दुखण्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या बघत राहिल्या.

काकांनी फोन उचलला. आकडे बरोबर लागले.

"मदतकेंद्र, बोला," एका बाईचा आवाज आला.

"मेलो! अहो लवकर या! मेलो, मेलो, मेलो हो!"

ते त्यांना बोलायचं नव्हतं. तोंडाने आपलं आपणच बोलून टाकलं. हातही आपोआप छातीवर गेला होता.

मग बाई म्हणाल्या, "हे बघा, सकाळपासूनचे तुम्ही तिसरे मेलोकाका. इथे खरे आजारी लोक फोन करतात. थोडी तरी लाज बाळगा." आणि फोन ठेवला.

काका हातातल्या फोनकडे बघत राहिले. लोक त्यांची नक्कल करतात हे त्यांना माहीत होतं. लग्नात करतात, शाळेच्या संमेलनात करतात, त्याचं कौतुकही वाटायचं. रुग्णवाहिका मागवायच्या नंबरवर करतात हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी परत फोन लावला. या वेळी एका पुरुषाने उचलला.

"अहो, मी खरा आहे! खरा मेलोकाका! माझी बायको..."

"खरा म्हणूनच सगळे फोन करतात, साहेब," तो माणूस हसला. "आवाज मात्र झकास काढता." फोन बंद झाला.

काका दार उघडून जिन्यात धावले आणि होत्या नव्हत्या ताकदीने ओरडले. धावा, धावा, असं ओरडायचं होतं. गळ्यातून निघाली तीच वरच्या पट्टीतली चिरकी किंकाळी. खालच्या मजल्यावरून कुणीतरी हसत विचारलं, "काय काका, रियाज चाललाय का?" आणि खालचं दार लागलं.

ते घरात परतले. काकूंनी डोळे मिटले होते. ओठांचा रंग गेला होता. काकांच्या मनात एकच विचार आला, की ही आता जाणार. मी समोर उभा असताना जाणार, आणि गावभर माझा आवाज ओळखतात म्हणून जाणार. त्यांना पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण ओरडता येईना. भीती छातीतून पोटात उतरली, पोटातून पायात उतरली, आणि वर काही उरलंच नाही.

टीव्ही चालूच होता. पडद्यावर साध्या सदऱ्यातला, बारीक मिशीचा एक माणूस खुर्ची पुढे सरकवत होता. "आधी बस," तो म्हणाला. "मग सांग."

काका बसले. खुर्चीत नव्हे, फरशीवर, मटारांच्या मध्ये, बायकोच्या पायाशी. तिचा पाय खाली लोंबत होता. तो त्यांनी सवयीने तळहातावर घेतला, टाच हातात, अंगठा बोटांवर. पाय गार होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला. पहिलीच बाई होती.

"मदतकेंद्र, बोला."

"बाई, माझ्या बायकोच्या छातीत दुखतंय," काका म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता, की तो आपलाच आहे हे त्यांना आधी कळलं नाही. "जबडाही दुखतोय. घाम सुटलाय, पाय गार आहेत. शुद्धीवर आहे." मग त्यांनी पत्ता सांगितला, गल्ली, इमारत, दाराचा रंग. "तिसरा मजला. लिफ्ट नाही. जिना रुंद आहे, वळणावर कुंड्या आहेत तेवढ्या मी बाजूला करतो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येऊ लागला.

"गाडी निघाली," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज खाली आला होता. "त्यांना टेकून बसवा. ॲस्पिरिन आहे का घरात? त्यांना त्या गोळीचा त्रास वगैरे?"

"आहे. त्रास नाही."

"चावून खायला द्या. आणि फोन ठेवू नका. मी आहे."

काकांनी गोळी दिली. उशी पाठीशी लावली. दार सताड उघडं ठेवलं, कुंड्या बाजूला केल्या, फोन कानाशी धरून. गाडी येईपर्यंत ते पुन्हा फरशीवर बसून राहिले आणि अधूनमधून म्हणत राहिले, "मी इथेच आहे. घाई नाही. श्वास घे." फोनवरच्या बाईंना नंतर कुणी सांगितलं की तो खरोखरचाच मेलोकाका होता, तेव्हा म्हणे त्यांचा विश्वासच बसेना. त्या म्हणाल्या, छे, ते तर फार धीराचे गृहस्थ होते.

काकू वाचल्या. रक्तवाहिनी तुंबली होती, ती मोकळी करून आत जाळी बसवली. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मुलगी धावत आली, वडिलांच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "मी हसले होते बाबा." काका म्हणाले, "सगळेच हसले, बाळा. हसवायचं कामच घेतलंय ना मी."

दोन दिवसांनी काकूंना उशीला टेकून बसता आलं. काकांनी त्यांना फोनची सगळी हकीकत सांगितली. ती सांगताना त्यांचा हात थरथरायला लागला, तसा तो त्यांनी पटकन खिशात घातला.

काकू त्या खिशाकडे बघत हसल्या. "पहिल्या सीझनमध्ये असाच घालायचात."

"रुबाब होता तो."

"कसला रुबाब! कॅमेऱ्यासमोर हात लटपटायचा म्हणून घालायचात. घरी येऊन मला सांगायचात, आज पण पाय कापत होते, आज पण आवाज फुटेना. लोकांना वाटायचं, काय धीराचा माणूस! मला माहीत होतं ना, हा माणूस प्रत्येक वाक्याला जीव मुठीत धरून उभा आहे. म्हणून तर मला तो आवडायचा." त्या दमून थोड्या थांबल्या. "नंतर तुमची भीती चेपली आणि तुम्ही ओरडायला लागलात. मला तेव्हापासून कळेनासंच झालं, तुम्ही केव्हा घाबरता ते."

इतकी वर्षं काकांना वाटत होतं, बायकोला तो धीराचा माणूस हवाय आणि तो आता आपल्याला जमणार नाही.

काकू घरी आल्यावर काका सेटवर गेले. हकीकत त्यांच्याआधी पोचली होती. सगळ्यांनी काकूंची चौकशी केली, मनापासून केली, माणसं वाईट नव्हती. मग मुख्य लेखिकेने खुर्ची ओढली. पोरगी हुशार, काकांना मुलीसारखी. तिचे डोळे चमकत होते.

"काका, रागावू नका, पण हे आपण करायचंच. काका फोन लावतात, मेलो मेलो ओरडतात, समोरची म्हणते सकाळपासूनचे तिसरे, आणि फोन ठेवते! पुन्हा लावतात, पुन्हा ठेवते! अहो, लोक खुर्चीवरून पडतील!"

काकांना डोळ्यांसमोर पांढरे पडलेले ओठ दिसले. हे लोकांनी पाहिलं, हसले, म्हणजे उद्यापासून त्या नंबरवर दिवसाला तीन नाहीत, तीस मेलोकाका. आणि त्यांच्यात कुणीतरी एक खरा, वरच्या पट्टीत बोलणारा.

"नाही," काका म्हणाले. "ते नाही करायचं. बाईंनी खरंच फोन ठेवला होता गं. माझी बायको खरंच जात होती."

लेखिकेचा चेहरा उतरला. "चुकलं काका," ती म्हणाली. "नाही करत." तिने तो कागद तिथल्या तिथे फाडला, आणि विषय तिथे मिटलाही असता.

पण दिग्दर्शक पुढे आला होता. तोच, दोन जोड बूट घेणारा. त्याचं काकांच्या चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं, तो कान देऊन ऐकत होता. "अरे, ऐकलंत का? हा आवाज! हा तर पहिल्या सीझनचा! काका, कुठे होता हा? हाच आणायचा आता. जरा पुन्हा म्हणा ना, 'नाही' म्हणा ना तसंच. भित्रा काका मधेच असा बोलायला लागतो, धमाल येईल!"

सगळे काकांकडे बघू लागले. कुणीतरी आधीच हसायच्या तयारीत होतं.

फोन ठेवला गेला तेव्हा घाबरले होते तितकेच काका आता घाबरले. पुढचं सगळं त्यांना लख्ख दिसलं. या भागात एकदा, पुढच्या सीझनमध्ये दर भागाला एकदा, मग तीनदा. मग रस्त्यात पोरं अडवून म्हणतील, काका, तो खालचा आवाज काढा ना. आणि एखाद्या दुपारी पुन्हा भांडं पडेल, काका फोन लावून हळू आवाजात पत्ता सांगतील, आणि पलीकडून कुणीतरी म्हणेल, सकाळपासूनचे तुम्ही तिसरे.

त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, डोळे कपाळात नेले, गुडघे वाकवले. "मेलो!" ते किंचाळले. "मेलो, मेलो, मेलो! अहो, कुठला आवाज? घसा बसला होता माझा, घसा!" आणि ते सोफ्यावर धाडकन आडवे झाले. खोली हसण्याने दणाणली. दिग्दर्शकही हसला, डोळे पुसू लागला, आणि काय विचारत होता ते विसरला.

संध्याकाळी काका घरी आले. जिन्यात त्यांना उगाच धास्ती वाटली, की तो आवाज आता राहिला असेल ना? दुसऱ्या मजल्यावरच्या कुंड्यांपाशी ते थांबले आणि कुणी नाही बघून पुटपुटले, "घाई नाही." होता. मग वर गेले.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, टीव्ही बंद होता. "आज काय केलंत?"

"ओरडलो."

"खूप?"

"खूप." काका समोर फरशीवर बसले आणि त्यांनी तिचा पाय तळहातावर घेऊन बघितला. गरम होता. "गोळी घेतलीस?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू, की ऐकायला काकूंना वाकावं लागलं.

"घेतली," काकू म्हणाल्या. "घाबरलात?"

"हो," काका म्हणाले.